कशासाठी आलात?

एलीकाकांना लंडनच्या विमानतळावर अख्खी दुपार बसवून ठेवलं होतं. इमिग्रेशनच्या माणसाने त्यांना विचारलं, "इथे येण्याचा हेतू?" आणि एलीकाका विचारात पडले.

खिशात कामाचं व्हाउचर होतं, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना. त्यावर कारखान्याचं नाव, हुद्दा, सगळं छापलेलं होतं. तो कागद पुढे केला असता तर पाच मिनिटांत सुटका झाली असती. पण प्रश्न हेतूचा होता, आणि हेतू या विषयावर एलीकाका वरवरचं बोलायचे नाहीत. त्यांनी काउंटरसमोर उभ्याउभ्याच डोळे मिटले. मागच्या रांगेतली माणसं खोकायला लागली. शेवटी डोळे उघडून ते म्हणाले, "साहेब, तेच शोधायला आलोय." मग त्यांना बाजूच्या खोलीत नेलं.

"माणूस चांगला होता," एलीकाका सांगायचे. "चहा दिला त्याने. आयुष्यात मला नीट प्रश्न विचारणारा तो एकटाच भेटला."

तो प्रश्न त्यांनी तिथून उचलला तो कायमचा. दूधवाला, पोस्टमन, वीजमीटर बघायला येणारा, कोणीही दारात आलं की हे शांतपणे विचारायचे, "कशासाठी आलात?" एकदा कोळसेवाल्याला विचारलं. तो बिचारा पाठीवर पोतं घेऊन उभा. म्हणाला, "कोळसा टाकायला." एलीकाका म्हणाले, "ते आज. एरवी?" त्या दिवसापासून कोळशाचं पोतं फाटकाशीच पडायला लागलं आणि मागच्या शेडपर्यंत ओढत न्यायचं काम आमच्याकडे आलं.

मलाही त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आम्ही लंडनजवळ इल्फर्डला, ते राहत त्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला, तेव्हा मी कडेवर मंजू आणि हातात गादीची वळकटी घेऊन जिना चढत होते. खालच्या खोलीचं दार उघडलं. पन्नाशीचा, उंच, किडकिडीत माणूस. डोक्यावर गोल टोपी, अंगात दोन स्वेटर. अस्सल अलिबागच्या मराठीत म्हणाला, "बाय, कशासाठी आलीस?"

परक्या देशात अवचित मराठी ऐकून मला भरून यायला हवं होतं. पण प्रश्नच असा, की मी खरं तेच बोलून गेले. "नवरा आला म्हणून."

"ही दिशा झाली," ते म्हणाले. "हेतू नाही झाला." आणि वळकटी माझ्या हातातून घेऊन वर ठेवून आले.

मी मुंबईत डॉक्टर झाले होते. विनायकही डॉक्टर, त्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी होती. मी मंजूला सांभाळत घरी होते, 'सध्या'. त्या 'सध्या'ला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्यामुळे ते वाक्य मला बरेच दिवस टोचत राहिलं.

त्यांचं पूर्ण नाव एलीझर नागावकर. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. वाडवडील नागावला तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. एलीकाका मात्र भायखळ्यात वाढले. शाळेत एक ड्रिलमास्तर होते, त्यांनी आसनं शिकवता शिकवता या पोराच्या डोक्यात योगदर्शन घातलं. यम, नियम, अभ्यास, वैराग्य, चित्त आणि चित्ताच्या वृत्ती. बाकीची पोरं कवायत करून घरी गेली. हे तिथेच राहिले.

"वृत्ती" हा त्यांचा लाडका शब्द. बस चुकली की म्हणायचे, "चिडलो ती वृत्ती. मी नव्हे." दूध उतू गेलं की, "हळहळ ही वृत्ती." विनायक हॉस्पिटलातून दीड दिवसाची ड्यूटी करून यायचा आणि जिन्यात त्यांना सांगायचा, "काका, झोप आली." ते म्हणायचे, "झोप हीसुद्धा वृत्तीच, डॉक्टर." विनायक म्हणायचा, "मग ती वृत्ती आता मला मिठी मारणार आहे," आणि वर येऊन बुटांसकट झोपायचा.

कामाला ते फोटोच्या फिल्मच्या कारखान्यात होते. फिल्म उजेडात बिघडते, म्हणून त्यांच्या खात्यात मिट्ट काळोख. आठ तास काळोखात उभं राहून चाचपडत काम करायचं. बाकीचे कामगार कंटाळून बदली मागायचे. एलीकाकांनी मात्र तीच जागा मागून घेतली होती. "ऋषींना गुहा शोधायला हिमालयात जावं लागलं," ते म्हणायचे. "मला इथे गुहेचा आठवड्याला पगार मिळतो."

शुक्रवारी मात्र ते पाळी बदलून लवकर घरी यायचे. सूर्य मावळायच्या आत आंघोळ, काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा, की शाब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा दिवस, सुरू. मग शनिवारचे तारे दिसेपर्यंत विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, गाडीत बसायचं नाही. दुसऱ्याला सांगून करून घेणंही चालत नाही. म्हणून खोलीतला दिवा चुकून चालू राहिला की ते जिन्याखाली उभे राहून छताकडे बघत मोठ्याने म्हणायचे, "आज खोलीत उजेड फारच आहे, असं वाटतं बुवा." मी खाली जाऊन बटण बंद करायची. ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, "आता बरं वाटतं."

दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा योगाचा क्लास असायचा. बहुतेक बायका कंबर बारीक करायला यायच्या. घरची ब्लँकेटं अंथरून बसायच्या. एलीकाका चार आसनं उरकायचे, मग दिवे मंद करायचे, सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, "तुम्ही या जगात कशासाठी आलात?" कंबरेसाठी आलेल्या निम्म्या बायका दुसऱ्या बुधवारी आल्या नाहीत. उरलेल्यांत मी एक होते, आणि डोरीन एक.

डोरीन पंचेचाळिशीची असेल. शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढायची. नेहमी मागच्या रांगेत, रेडिएटरजवळ. सहा महिन्यांत तिने कोणाशी धड दोन वाक्यं बोललेली मला आठवत नाहीत. क्लासच्या शेवटी एलीकाका प्रत्येकाला विचारायचे, डोळे मिटल्यावर काय दिसलं. कोणाला रंग दिसायचे, कोणाला भाजीची यादी. डोरीनला दर वेळी एकच दिसायचं.

"एक भिंत. समुद्राकडची. मी तिच्यावर बसलेय आणि पाय हलवतेय."

"बघत राहा," एलीकाका सांगायचे. "पुसू नका. ती भिंत काय म्हणते ते ऐका."

हे सगळं बाहत्तर सालच्या हिवाळ्यातलं. मार्च लागला आणि एका शुक्रवारी दुपारी आमच्या दाराची घंटा वाजली, आणि वाजतच राहिली.

मी दार उघडलं. दारभर माणूस. हाताला डांबर लागलेलं, रस्त्यावर त्याची शिड्या लादलेली व्हॅन निम्मी फुटपाथवर चढवलेली.

"नागावकर कुठाय?"

"कामावर. तुम्ही?"

"मी रेग. डोरीनचा नवरा." मला बाजूला सारून तो आत आलाच. "माझी बायको कुठाय?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. तो जिन्याच्या तळाच्या पायरीवर बसला. "मग तो येईपर्यंत मी इथून हलत नाही."

मंजू वरून हाका मारत होती. विनायक हॉस्पिटलात. खाली हा माणूस, हाताच्या मुठी मिटत आणि उघडत. मी वर जाऊन मंजूला कॉटमध्ये ठेवलं, खोलीचं दार लावलं आणि परत खाली आले, कारण त्याला एकटं सोडायची मला भीती वाटत होती. त्याच्यासाठी की आमच्यासाठी, ते तेव्हा कळलं नाही.

तुटक तुटक करत त्याने सांगितलं. सकाळी उठला तर डोरीन अंथरुणात नव्हती. कोट नव्हता. शाळेत फोन केला, तिथे आली नव्हती. बहिणीकडे नव्हती. पोलिसांनी सांगितलं, मोठी बाई आहे, रात्रीपर्यंत वाट बघा.

"आठवडाभर तिने एकच लावलंय," तो म्हणाला. "रेग, आपण कशासाठी आहोत? मी म्हटलं, मी छपरं दुरुस्त करतो. तर म्हणते, ते नव्हे, रेग. मग कुठलं? बावीस वर्षं तिने मला असलं काही विचारलं नव्हतं." मग तो थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तिच्या झोपेच्या गोळ्या होत्या. बाटली जाग्यावर नाही."

 कसल्या गोळ्या, मी विचारलं. त्याने नाव सांगितलं. त्या काळी त्या गोळ्या सर्रास द्यायचे, आणि बाटलीभर घेतल्या तर काय होतं हे मी मुंबईत वॉर्डात पाहिलेलं होतं. मी चेहरा सरळ ठेवला. पण तो माझ्याकडेच बघत होता.

"तुम्ही डॉक्टर आहात ना? ती सांगायची. वाईट असतं का ते?"

"आधी तिला शोधू या," मी म्हटलं.

एलीकाका आले तेव्हा उन्हं कलली होती. शुक्रवार, म्हणून घाईत होते, हातात पावाची पिशवी. दार उघडताच रेगने त्यांची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीशी दाबलं. पिशवी खाली पडली.

"काय सांगितलंस तू तिला?"

"रेग, सोडा त्यांना," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही.

एलीकाकांची टोपी वाकडी झाली होती. "राग ही वृ..." त्यांनी सवयीने सुरुवात केली, आणि रेगचा चेहरा जवळून बघून गप्प झाले. मग मी त्यांना डोरीनचं सांगितलं. गोळ्यांचंही. रेगने हात काढला तरी ते तसेच भिंतीला टेकून उभे राहिले. या माणसाला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. बस, दूध, इमिग्रेशन, कशालाच नाही. आता त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"बाय," ते मला मराठीत म्हणाले, "मी तिला बघत राहा म्हटलं होतं. भिंत काय म्हणते ते ऐका म्हटलं होतं."

"काय म्हणतोय तो?" रेग ओरडला.

मी भिंतीचं सांगितलं. समुद्राकडची भिंत, पाय हलवत बसलेली डोरीन. रेग मग म्हणाला, "साउथएंड. लहानपणी तिचा बाप तिला न्यायचा. मला एकदा म्हणाली होती, जाऊ या. मी म्हटलं, तिथे चिखलाशिवाय काय आहे?"

इतक्यात विनायक आला. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्याचे डोळे झोपेने लाल झाले होते, पण त्याने लगेच त्याची बॅग माझ्या हातात दिली. "तू जा. तुला जमेल. मंजूला मी बघतो."

व्हॅनच्या पुढच्या बाकावर आम्ही तिघं बसणार होतो. मी चढले. रेगने इंजिन सुरू केलं. एलीकाका दाराशी उभे होते. समोरच्या घरांच्या छपरांवरचं ऊन गेलं होतं. त्यांच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता, पाव अजून पॅसेजमध्ये पडलेला होता. त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिलं आणि गाडीत चढून बसले.  

लंडनच्या बाहेरचा तो लांब रस्ता, वर शिड्या खडखडतायत, काचेवर वायपर करकरतोय. रेग समोर बघून गाडी हाकत होता, ट्रकांना जेमतेम चुकवत. मी मनात हिशेब करत होते. सकाळी घेतल्या असतील तर. दुपारी घेतल्या असतील तर. बॅगेत काय आहे, त्यातलं कशाचा उपयोग होईल. तीन वर्षांत मी एक पेशंट तपासला नव्हता. बॅगेच्या कडीभोवती माझी बोटं दुखायला लागली होती.

बऱ्याच वेळाने रेग म्हणाला, "त्या क्लासात नेमकं करता काय तुम्ही?"

"बसतो," एलीकाका म्हणाले. "आणि विचारतो."

"काय, तर कशासाठी आलात."

"हो."

"मग तुला काय उत्तर मिळालं?"

मी दोघांच्या मध्ये बसले होते. एलीकाकांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता, तो आखडलेला मला कळला.

"मला नाही मिळालं," ते म्हणाले.

रेगने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "स्वतःला माहीत नाही आणि माझ्या बायकोला विचारत सुटलास." आवाजात राग उरला नव्हता, नुसतं नवल होतं. ते रागापेक्षा वाईट वाटलं. 

साउथएंडला पोहोचलो तेव्हा काळोख झाला होता. ओहोटी लागलेली. समुद्र पार आत गेला होता आणि दिव्यांच्या उजेडात नुसता काळा चिखल चकाकत होता. हिवाळ्यातलं समुद्रकाठचं गाव, दुकानं बंद, वारा अंगात शिरणारा. समुद्राला लागून भिंत तर मैलन् मैल. आम्ही चालायला लागलो. रेग पुढे, तिचं नाव घेत. लांबवर एक आकृती बसलेली दिसली. मी पळत सुटले. जवळ गेले तर एक म्हातारा कुत्र्याला घेऊन बसलेला. त्याने कोणी बाई पाहिली नव्हती.

आणखी पुढे गेलो आणि रेग एकाएकी थांबला.

भिंतीवर बायकांचे तपकिरी बूट होते. नीट जोडीने ठेवलेले, आत मोजे खोचलेले.

रेग त्या बुटांना हात लावेना. पलीकडे तीन-चार पायऱ्या, मग खडे, मग चिखल, मग काहीच दिसत नव्हतं. मी बॅग उघडून टॉर्च शोधायला लागले.  शेजारी एलीकाका हिब्रूत काहीतरी पुटपुटत होते, भराभर, श्वास न घेता. श्वासावर तासभर बोलणारा माणूस.

"रेग?" खालच्या काळोखातून आवाज आला. "तू आहेस का तो?"

डोरीन खड्यांवरून सावकाश चालत येत होती. कोट वर धरलेला, घोट्याच्या वरपर्यंत चिखल. टॉर्चच्या उजेडात तिने डोळे बारीक केले. "मिस्टर नागावकर? सुधा? सगळे इथे कसे?"

 मीच विचारलं. "गोळ्या. गोळ्यांची बाटली कुठे आहे, डोरीन?"

"त्या मागेच मोरीत ओतल्या," ती म्हणाली. "क्लासला जायला लागल्यापासून झोप लागते मला." मग एकेकाच्या तोंडाकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं, आम्हाला काय वाटलं होतं ते. "अरे देवा," ती हळूच म्हणाली. "रेग, तुझं सँडविच करून ठेवलं होतं मी. फ्रिजमध्ये."

"फ्रिज कोण बघतंय," रेग म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. मग त्याने विचारलं, आणि त्याला ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं, "सापडलं का? कशासाठी ते?"

डोरीनने थोडा विचार केला. "नाही. दिवसभर बसले. कोणी काही मागितलं नाही, मी कोणाला काही वाढलं नाही. छान वाटलं. मग पाय गार पडले."

ती भिंतीवर बसली. रेगने खिशातून त्याचं कामाचं फडकं काढलं, खाली गुडघे टेकले आणि तिचा एक पाय हातात घेऊन चिखल पुसायला लागला. प्रत्येक बोट वेगवेगळं. फडकं डांबराचं, त्याने पाय स्वच्छ होण्याऐवजी काळेच होत होते. ती म्हणाली, "रेग, राहू दे." तो म्हणाला, "गप्प बस." आणि पुसत राहिला.

एलीकाका ते बघत उभे होते. मग वळून चालायला लागले. मी त्यांच्यामागे गेले, कारण ते वाऱ्यात नीट चालत नव्हते. काठावरच्या एका निवाऱ्यातल्या बाकावर ते बसले. मी शेजारी.

"माझी बायको आहे, बाय," ते म्हणाले.

मी वर्षभर त्यांच्या डोक्यावर राहत होते. मी त्यांना अविवाहित समजत होते. कधी विचारलं नव्हतं.

"रेबेका. आणि मुलगी, शिरीन. डिमोनाला आहेत, इस्रायलमध्ये. चौसष्ट साली आमचं सगळं घर तिकडे निघालं. भांडी बांधून झाली होती. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. मला आधी माझं काय ते कळू दे. मग येतो."

"मग?"

"मग इकडचं व्हाउचर मिळालं. इकडे आलो." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच उघडं पाहिलं. "मी त्याला वैराग्य म्हणत होतो, बाय. तसं काही नव्हतं. तिकडे वाळवंटात जाऊन, पन्नाशीकडे झुकलेला माणूस, मी काय करणार होतो? भाषा येत नाही. पोरीसमोर कोणीतरी मला फावडं देणार. मला भीती वाटली. भीतीला चांगलं नाव दिलं की ती कळत नाही."

"त्यांनी बोलावलं नाही?"

"दोन वर्षं रेबेका पत्रातून विचारत होती, कधी येताय. मग थांबली." वारा जोरात आला, त्यांनी टोपी हाताने दाबून धरली. "मी लोकांना सांगतो, डोळे मिटल्यावर जे दिसेल ते बघत राहा, पुसू नका. मी डोळे मिटले की ती दिसते. गोदीत, निघायच्या दिवशी, पाण्याचा तांब्या हातात धरून. मी रोज सकाळी तासभर बसतो ते ती पुसायला. मला ध्यान कसलं येतंय."

 डॉक्टरच्या बॅगेत त्याच्यावर काही नव्हतं. मी त्यांचा हात धरला. बर्फासारखा गार होता. लांबून रेग हाका मारत होता, चिप्सचं एक दुकान उघडं सापडलं म्हणून.

येताना डोरीन पुढे नवऱ्याजवळ बसली आणि आम्ही दोघं मागे, डांबराच्या डब्यांत आणि छपरावरच्या स्लेटच्या ढिगात. एलीकाकांनी चिप्स खाल्ल्या नाहीत, पण पुडकं हातात धरून ठेवलं, ऊब होती म्हणून.

पुढच्या बुधवारी क्लासला रेगही आला. पहारा करायला, असं त्याने दारातच जाहीर केलं. खुर्चीवर हाताची घडी घालून बसला आणि दिवे मंद केल्याबरोबर घोरायला लागला. एलीकाकांनी त्या दिवशी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. नंतरही कधी नाही. आसनं झाली की म्हणायचे, "बसा थोडा वेळ. काही शोधू नका." कंबरेवाल्या काही बायका परत आल्या. कोळसेवालाही हळूहळू शेडपर्यंत यायला लागला.

मी हॉस्पिटलांत अर्ज करायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी बॅग हातात धरून बसले होते तेव्हा मला कळलं होतं की ती मला विनायकला परत द्यायची नाहीये. नोकरी मिळायला वर्ष गेलं, पण ते वेगळं.

एलीकाका शेवटी डिमोनाला गेले, पण लगेच नाही. त्याच्या पुष्कळ आधी, एका रविवारी दुपारी, ते जिना चढून वर आले. कोट, टाय, दाढी घोटलेली, केसांना पाणी लावून भांग. मला वाटलं, कोणाच्या लग्नाला निघालेत.

"बाय," ते म्हणाले, "एक फोन करायचा होता."

डॉक्टरचं घर म्हणून आमच्याकडे फोन होता. एका नातेवाइकाकडून त्यांनी डिमोनातल्या वाण्याचा नंबर मिळवला होता. रेबेकाबाई त्या दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहायच्या. ऑपरेटरला सांगून कॉल लावला आणि वाट बघत बसलो. एलीकाका खुर्चीत बसेनात. काय बोलायचं ते त्यांनी ठरवून आणलं होतं आणि ओठ हलवत घोकत होते. मध्येच म्हणाले, "तिने फोनवर येणार नाही म्हटलं तर?" मी म्हटलं, "मग वाण्याशी बोला." ते हसले नाहीत.

फोन वाजला. मी उचलून त्यांच्या हातात दिला. पलीकडून कोणीतरी हिब्रूत बोललं. एलीकाकांनी घाबरून मराठीतच सांगितलं, "रेबेकाला बोलवा हो जरा, नागावकरांच्या." वाणीही आपल्याकडचाच निघाला असावा, कारण त्याने रिसीव्हर बाजूला ठेवून मराठीत हाक मारलेली मलासुद्धा लांबून ऐकू आली.

मग बराच वेळ नुसती खरखर. एलीकाका दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून, मान खाली घालून उभे होते.

"मी बोलतोय," ते एकदम म्हणाले. "मी. एली."

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी त्यांना पुढचं वाक्य सांगणार होते. घोकलेलं सगळं गेलं होतं.

"जेवलीस का?" ते म्हणाले.

मी मंजूला उचललं, स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून घेतलं. पण घर लहान होतं.

"बिरडं?" बाहेरून त्यांचा आवाज येत होता. "तिकडे वाल कुठून मिळाले तुला?"

मग ते बराच वेळ नुसते ऐकत होते.